तास-ए-गणेश : एका द्राक्षजातीचे मूळ

विनयपिटकाच्या महावग्गात तथागतांनी भिक्खुसंघास आठ प्रकारच्या पेयांची अनुज्ञा दिली आहे. आंबा व जांभूळ यांच्या रसाबरोबर तेथे ‘मुद्दिकापान’, म्हणजे द्राक्षरसही येतो. बौद्ध वाङ्मयास द्राक्ष असे प्राचीन काळापासून परिचित असले, तरी सांगली जिल्ह्यातील तासगावची द्राक्षे निराळ्या वाटेने आली आहेत.

पश्चिम आशियात ‘किसमिस’, ‘सुलताना’ या नावांनी ओळखली जाणारी बिनबियांची जात 1870 च्या दशकात विल्यम थॉम्पसन यांनी कॅलिफोर्नियात वाढविली. ती ‘थॉम्पसन सीडलेस’ या नावाने पुढे महाराष्ट्रात रुजली. तासगाव तालुक्यातील बोरगावचे बागायतदार वसंतराव आर्वे यांनी तिच्या वेलींतून वेगळे गुण दाखविणारी वेल निवडली. ‘तास-ए-गणेश’ ही जात त्या निवडीतून उदयास आली.

या द्राक्षात बी धरू लागते, पण अपुरेच राहते. म्हणून जातीचा वंश बियांनी चालत नाही. काडी व कलम यांनी चालतो. येथे आम्हांस मिलिंदपञ्हातील आंब्याचा दृष्टान्त आठवतो. चोरलेला आंबा हा पेरलेला आंबा नव्हे, ही चोराची सबब नागसेन स्थविर मान्य करीत नाहीत. कारण दुसरा आंबा पहिल्याच्या आश्रयानेच झाला. हाच कार्यकारणभाव लावला, तर फळाचे ऋणही एका नावापाशी संपत नाही. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, घडांची विरळणी या कामांत राबणारे भूमिहीन हातही त्याच साखळीचे दुवे आहेत. जातीच्या इतिहासात मात्र त्यांची नावे आढळत नाहीत.

ज्यांनी साताऱ्यात शालेय शिक्षण घेतले, त्या बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1947 साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये शेती हा राज्याचा उद्योग व्हावा, जमीन जातिभेदाविना कसावयास मिळावी आणि जमीनदार, कूळ व भूमिहीन मजूर हे भेदच उरू नयेत, असे मांडले. सांगलीच्या बेदाण्यास 2016 साली भौगोलिक मानांकन लाभले. भूमीच्या नावास मान मिळाला, हे योग्यच झाले. त्या भूमीवर राबणाऱ्यांस त्यांचा वाटा मिळेल, तेव्हाच या द्राक्षाचा इतिहास पूर्ण लिहिला गेला, असे आम्ही मानू.