वाचनाची कसोटी आणि वर्गोन्नती

काळू नदीकाठचे टिटवाळा हे महागणपतीच्या मंदिरामुळे ख्यात झालेले गाव आज कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीत मोडते. भोवतालच्या खेड्यांतून जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली केलेल्या नियमानुसार या शाळांतील पाचवी व आठवीच्या मुलांस वार्षिक परीक्षा उत्तीर्ण झाल्यावाचून वर्गोन्नती मिळत नाही. परीक्षा अनेक विषयांची असली, तरी ज्यास पाठ वाचून उमगत नाही त्यास ती कोणत्याच विषयात साधत नाही. नियम नवा भासतो. परंतु त्यामागील प्रश्न दीड शतकाचा जुना आहे.

इंग्लंडमध्ये १८६२ साली शाळांचे अनुदान मुलांच्या वाचन, लेखन व अंकगणित यांतील परीक्षेवर अवलंबून ठेवण्यात आले. पुढे मुंबई इलाख्यातही खाजगी शाळांस परीक्षेच्या निकालावर अनुदान देण्याची पद्धत रूढ झाली. इन्स्पेक्टरापुढे मूल अडखळले की शाळेचे उत्पन्न घटे. अर्थात अपयशाचा भार प्रथम शिक्षकावर पडे. आणि ज्याच्या अपयशाने तोटा व्हावयाचा, असे मूल शाळेस नकोसे होणे स्वाभाविक होते.

या पद्धतीवर मार्मिक आक्षेप घेतला तो जोतीराव फुले यांनी. १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळेत मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे, असे प्रतिपादिले. मात्र ज्या गरीब समाजात विद्येची गोडीच अद्याप उत्पन्न झालेली नाही, तेथे निकालावरील अनुदान उपयोगी नाही. अशा वर्गांत स्वतःच्या हिमतीवर शाळा काढून कोणाही शिक्षकाचा निर्वाह होणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. वाचन आवश्यक आहे याविषयी त्यांस शंका नव्हती. त्यांचा विरोध होता तो न वाचता येण्याच्या शिक्षेस. आयोगाने सामान्यतः निकालाचेच तत्त्व उचलून धरले. परंतु मागासलेल्या प्रदेशांतील शाळांपुरता अपवाद मान्य केला. १९०४ साली हिंदुस्थान सरकारने आपल्या शैक्षणिक ठरावात ते तत्त्वच त्याज्य ठरविले.

१ एप्रिल २०१० रोजी अंमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत मुलास त्याच वर्गात ठेवण्यास मनाई केली. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीसाठी ती मनाई उठविण्याची मुभा राज्यांस दिली. तथापि अनुत्तीर्ण मुलास जादा अध्यापन मिळावे व निकालानंतर दोन महिन्यांत फेरपरीक्षेची संधी असावी, अशी अटही घातली.

या इतिहासाचा इत्यर्थ असा : कसोटी तीच राहिली, तिचा दंड मात्र शिक्षकाकडून मुलाकडे सरकला. म्हणून नव्या नियमाचे मूल्य किती मुले मागे राहिली यावरून ठरवू नये. टिटवाळ्याच्या परिसरातील अडखळणाऱ्या मुलास त्या दोन महिन्यांत कोणी जवळ बसवून वाचावयास शिकविले काय, यावरूनच ते ठरावे.