पानाची साक्ष

कुंडीतल्या वीतभर उंचीच्या झाडाला जपानी लोक बोन्साय म्हणतात. आपण त्याला वामनवृक्ष म्हणू. असा वामनवृक्ष समोर आला, की तो मुळात कोणत्या जातीचा हा प्रश्न पडतो. उंचीची साक्ष निरुपयोगी, कारण ती माणसाने खुंटविलेली असते. फूल-फळ पुष्कळदा दिसतच नाही. उरते ते पान. पानावरून झाड ओळखण्याची ही विद्या आपल्याकडे फार जुनी आहे, आणि तिच्या इतिहासातील एक लक्षणीय प्रकरण मराठी राजवटीतील तंजावरात घडले.

आपल्या पूर्वजांनी वनस्पतींना दिलेली नावेच पाहावी. सप्तपर्णी, शालपर्णी, पृश्निपर्णी, मंडूकपर्णी! नाव उच्चारताच पान डोळ्यांपुढे यावे, अशी ही योजना. वैद्याला औषधी रानातून आणावयाची असे आणि तिचा बहर काही बारमाही नसतो. म्हणून त्याची नजर पानावर स्थिरावली.

युरोपात लिनियसने निराळा मार्ग धरला. फुलातील पुंकेसरांची संख्या व रचना यांना प्राधान्य देऊन त्याने वनस्पतींचे चोवीस वर्ग पाडले. त्याचा शिष्य योहान कोनिग १७६८ साली तरंगंबाडीस आला. तंजावरच्या रघुनाथ नायकाशी १६२० मध्ये करार करून डेन्मार्कच्या लोकांनी तेथे ठाणे वसविले होते. कोनिगच्या संगतीत जॉन, रॉटलर यांसारखे पाद्री वनस्पती गोळा करू लागले. कागदावर दाबून वाळविलेली ती पाने-फुले युरोपात धाडली जात. रॉटलरचा संग्रह पुढे लंडनच्या क्यू उद्यानात पोहोचला. आपल्याकडे शेंदरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या झाडाला रॉक्सबर्गने या रॉटलरचेच नाव दिले होते.

याच मिशनमधून आलेला श्वार्ट्झ हा सरफोजीराजांचा गुरू. दुसरे सरफोजी १७९८ मध्ये गादीवर आले. परंतु पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला आणि राजांच्या हाती तंजावरचा किल्ला व आसपासचा थोडा मुलूख एवढीच सत्ता राहिली. गेलेल्या राज्याचा शोक करीत बसण्याऐवजी या राजाने विद्येचा संसार मांडला. सरस्वती महालात संस्कृत, तमिळ, तेलुगू व मराठी हस्तलिखितांच्या शेजारी युरोपीय ग्रंथ आले. धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्य वैद्यक यांचे जाणकार एकत्र बसले. औषधी वनस्पतींची हुबेहूब रंगीत चित्रेही राजांनी काढून घेतली.

चित्रांची गरज का भासावी? एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. ब्राह्मी या एकाच नावाने दोन वेगळ्या वनस्पती ओळखल्या जातात. एकीचे पान वाटोळे, मूत्रपिंडाच्या आकाराचे, लांब देठाचे, कातरलेल्या कडांचे. देठापासून शिरा पंख्यासारख्या फाकलेल्या. तिला तमिळ लोक वल्लारै म्हणतात. मंडूकपर्णी ती हीच. दुसरीची पाने लहान, मांसल, जवळजवळ बिनदेठाची आणि समोरासमोर जोडीने आलेली, ती नीर्ब्रह्मी. शब्दावर विसंबणाऱ्याची येथे फसगत होते, पान पाहणाऱ्याची होत नाही. जेथे दरबार मराठी, प्रजा तमिळ, शास्त्र संस्कृत आणि पाहुणे लॅटिन नावे सांगणारे, तेथे सर्वांना सारखीच वाचता येईल अशी एकच लिपी होती, ती म्हणजे पानाची आकृती. नाव चुकले तर औषध चुकते, आणि औषध चुकले तर त्याचे प्रायश्चित्त रोग्याला भोगावे लागते.

पानाची साक्ष मात्र नीट उलटतपासणी करून घ्यावी लागते. फणसाच्या कोवळ्या रोपाची पाने खाचदार, तर मोठ्या झाडाची अखंड असतात. चिंचेची इवलीशी पर्णिका म्हणजे पूर्ण पान नव्हे. ज्याच्या बगलेत कळी असते तेच खरे पान. वामनवृक्षाचे पान आकाराने लहान होते, पण त्याची ठेवण, शिरांची मांडणी, कडा आणि टोक ही जातीची लक्षणे टिकून राहतात. वड, पिंपळ व उंबर यांची फुले फळासारख्या गोलकात दडलेली असल्यामुळे केसर मोजू पाहणारा प्रथमदर्शनी गोंधळतो. परंतु देठ मोडताच पांढरा चीक येतो, आणि कुळ कळते. मग पान जाड, लंबगोल, बोथट टोकाचे असेल तर वड. हृदयाकृती आणि लांब शेपटीचे असेल तर पिंपळ. कुंडीत कितीही कोंडले तरी पिंपळ आपले शेपूट विसरत नाही.

१८३२ मध्ये सरफोजीराजे निवर्तले. तरंगंबाडी १८४५ मध्ये इंग्रजांना विकली गेली, आणि पुढच्या दहा वर्षांत तंजावरचे संस्थानही खालसा झाले. सरस्वती महाल मात्र १९१८ पासून सर्वांना खुला झाला. राज्यांच्या सीमा पुसल्या गेल्या. त्या काळी कागदावर दाबलेले पान अजून आपल्या झाडाचे नाव सांगत आहे.