कोरियाच्या ताटातले परके

नोव्हेंबर २०२०मध्ये चीनच्या सिचुआन प्रांतातील ‘पाओत्साय’ या खारवलेल्या भाज्यांना आयएसओ या संस्थेचे आंतरराष्ट्रीय मानक मिळाले. ते किमचीला लागू नाही, असे त्यातच नमूद होते. अडचण अशी की चिनी लोक कोरियाच्या किमचीलाही सर्रास पाओत्सायच म्हणतात. ‘ग्लोबल टाइम्स’ या चिनी दैनिकाने किमचीचे मानक जणू चीननेच ठरवले, अशा थाटात बातमी दिली आणि दक्षिण कोरियात संताप उसळला. पुढच्या जुलैत तिथल्या संस्कृती मंत्रालयाने किमचीचे अधिकृत चिनी नावच बदलून ‘शिन्ची’ करून टाकले.

कोबीच्या लोणच्यावरून दोन देश हमरीतुमरीवर आलेले पाहून गंमत वाटेल. पण या हळवेपणाला इतिहास आहे. १९१० ते १९४५ कोरिया जपानची वसाहत होता. जपानमध्ये राबायला गेलेल्या कोरियन मजुरांना लसणाच्या वासावरून हिणवले जाई. पुढे त्याच जपानमध्ये किमची ‘किमुची’ नावाने खपू लागली, तीही बऱ्याचदा आंबवण्याच्या भानगडीत न पडता. कोरियाने हा वाद कोडेक्स या जागतिक अन्नमानक आयोगाकडे नेला आणि २००१ साली ‘किमची’ हे नाव व आंबवण्याची अट मान्य करून घेतली. २०१३मध्ये ‘किमजांग’, म्हणजे हिवाळ्यापूर्वी सगळ्यांनी मिळून किमची घालण्याची व वाटून घेण्याची प्रथा, युनेस्कोच्या यादीत आली. दोन वर्षांनी उत्तर कोरियाने आपली वेगळी नोंद करून घेतली.

ज्यांच्या जेवणाला नाके मुरडली गेली, त्यांनी नावासाठी भांडणे रास्तच. मात्र नावाच्या भांडणातून शुद्धतेचा दावा सुरू झाला की इतिहास आडवा येतो. किमचीला लाल करणारी मिरची मूळची अमेरिकेची. १६१४च्या एका कोरियन ग्रंथात तिचा उल्लेख ‘जपानी मोहरी’ असा आहे. आपल्याकडेही ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून आली, म्हणून ठेचा काही परका ठरत नाही. तरी मिरची पूर्वापार आमचीच, असे सांगणारे संशोधक कोरियात आहेत.

आणखी मागे, गोर्यो राजवटीत गेलो, तर ‘सांगह्वाजम’ नावाचे एक गाणे भेटते. एक बाई सांगह्वा, म्हणजे सारण भरून वाफवलेले उंडे, घ्यायला दुकानात जाते आणि दुकानदार तिचा हात धरतो. हा दुकानदार ‘ह्वेह्वे’ आहे. अनेक अभ्यासकांच्या मते ह्वेह्वे म्हणजे मंगोलांच्या काळात मध्य आशियातून आलेला मुसलमान. गाणे चावट आहे आणि पुढच्या जोसन काळातील पंडितांना ते असभ्य वाटले. आपल्यासाठी महत्त्वाचे एवढेच की, तेव्हाच्या राजधानीत मुसलमानाचे खाद्यपदार्थांचे दुकान लोकगीतात यावे इतके ओळखीचे होते.

‘सोजू’ या कोरियाच्या राष्ट्रीय मद्याचीही हीच कथा. ऊर्ध्वपातनाचे तंत्र मंगोलांबरोबर पश्चिमेकडून आले आणि केसाँग भागात त्या मद्याला ‘अराकजू’ म्हणत. अरबीत अरक म्हणजे घाम. थेंब थेंब गळतो म्हणून ते नाव. (दारूचे श्रेय मिरवावे का, हा प्रश्न वेगळा!)

१४२७मध्ये राजा सेजोंगच्या दरबाराने ह्वेह्वे लोकांना त्यांचा वेगळा पोशाख आणि धार्मिक विधी सोडायला लावले. उंडे राहिले, अरक राहिला, माणसे मात्र वेगळा समाज म्हणून दिसेनाशी झाली.

देगू शहरात विद्यापीठाजवळ मुस्लिम विद्यार्थी मशीद बांधत होते. सप्टेंबर २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बांधकामाच्या बाजूने निकाल दिला. तेव्हा विरोध करणाऱ्या रहिवाशांनी त्या जागेसमोर डुकराची मुंडकी ठेवली आणि डिसेंबरात तिथेच डुकराचे मांस भाजून मेजवानी केली. आमच्या देशात आमचे जेवण जेवतो, त्यात काय वाईट, असा त्यांचा बचाव होता. त्याच काळात कोरियन नूडल्सची पाकिटे हलालचा शिक्का मिरवत मलेशिया-इंडोनेशियाच्या दुकानांत विकली जात होती.