विस्तृतकोनी भिंगासाठी फिल्टरची निवड

विस्तृतकोनी भिंग (वाइड-अँगल लेन्स) म्हणजे फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर साधारणतः ३५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी केंद्रांतर असलेले भिंग होय. त्याच्या पुढे बसविल्या जाणाऱ्या काचेस फिल्टर म्हणतात. दृश्याचा कोन वाढतो तसे फिल्टरचे दोष चित्रात अधिक उघड होतात. त्यामुळे इतर भिंगांना मानवणारा फिल्टर या भिंगास मानवेलच असे नाही. वऱ्हाडातील अमरावती व अकोला जिल्ह्यांतील सपाट पयानघाट आणि उत्तरेकडील सातपुड्याची गाविलगड रांग येथील छायाचित्रणात हा फरक स्पष्टपणे जाणवतो.

कडे आणि व्यास

१६ मिमी भिंग आडव्या दिशेने सुमारे ९७ अंशांचे, तर २४ मिमी भिंग सुमारे ७४ अंशांचे दृश्य टिपते. फिल्टरचे कडे जाड असल्यास ते दृश्यात डोकावते व चित्राचे कोपरे काळवंडतात. एकावर एक दोन फिल्टर चढविल्यास हा दोष वाढतो. म्हणून पातळ कड्याचा एकच फिल्टर वापरणे श्रेयस्कर. निरनिराळ्या व्यासांची भिंगे असल्यास सर्वांत मोठ्या व्यासाचा, उदा. ७७ किंवा ८२ मिमीचा, फिल्टर घेऊन तो स्टेप-अप रिंगने लहान भिंगांवर बसविता येतो. ज्या भिंगांची पुढील काच फुगीर असते, त्यांना बहुधा फिल्टरसाठी आटे नसतात. त्यांना चौकोनी फिल्टर व त्याचा धारक लागतो.

पोलरायझर

हा फिल्टर आकाशातील ध्रुवित प्रकाश अडवितो. सूर्यापासून ९० अंशांवरील पट्ट्यात त्याचा परिणाम सर्वाधिक असतो. अकोट किंवा अचलपूरच्या बाजूने सातपुड्याचे चित्र घेताना कॅमेरा उत्तरेकडे असतो. सकाळ-संध्याकाळी सूर्य बाजूला असल्याने तो पट्टा चित्राच्या मध्यभागी किंवा त्यालगत येतो. आकाश मध्ये गडद व दोन्ही कडांना फिके दिसते. अशा वेळी भिंगाचे केंद्रांतर वाढवावे किंवा फिल्टर काढावा. ओले खडक व पाने यांवरील चकाकी कमी करण्यास मात्र हा फिल्टर उपयुक्त आहे. त्यामुळे प्रकाश एक ते दोन स्टॉपने घटतो.

एनडी फिल्टर

एनडी फिल्टर रंग न बदलता प्रकाश कमी करतो. चिखलदऱ्याच्या पावसाळी धबधब्यांचे पाणी रेशमी दिसावे यासाठी तो वापरतात. सेकंदाचा साठावा भाग पुरेसा असेल, तेथे एनडी ६४ (सहा स्टॉप) लावल्यावर सुमारे एक सेकंद लागतो. त्यामुळे तिपाई आवश्यक ठरते. फिरवून तीव्रता बदलणारा एनडी विस्तृतकोनी भिंगावर टाळावा, कारण त्याने चित्रावर फुलीसारखी गडद छाया उमटते.

ग्रॅज्युएटेड एनडी

याचा वरचा भाग गडद व खालचा पारदर्शक असतो. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील काळ्या शेतजमिनीचे क्षितिज सरळ असल्याने तेथे ठळक सीमेचा फिल्टर चालतो. डोंगररांगेसमोर तो शिखरेही काळी करतो. तेथे सौम्य सीमेचा घ्यावा. नरनाळा किल्ल्याच्या महाकाली दरवाजासारख्या वास्तूच्या कमानीतून बाहेरचे दृश्य घेताना दोन्ही प्रकार निरुपयोगी ठरतात. तेथे कमी-अधिक प्रकाशमानाची अनेक चित्रे घेऊन ती एकत्र करणे योग्य.

यूव्ही व संरक्षक फिल्टर

डिजिटल कॅमेऱ्याच्या संवेदकापुढे अतिनील किरण अडविणारा थर बहुधा असतोच. म्हणून यूव्ही फिल्टरचा उपयोग मुख्यतः धूळ, ओरखडे व तुषार यांपासून संरक्षणापुरता उरतो. मात्र लहान छिद्रावर काम करणाऱ्या विस्तृतकोनी भिंगात फिल्टरवरील धूळ व थेंब चित्रात उमटतात, तसेच सूर्य समोर असल्यास प्रतिबिंबांचे डाग पडतात. म्हणून बहुस्तरीय लेपाचा फिल्टर घ्यावा, तो वरचेवर पुसावा आणि सूर्य चौकटीत येत असल्यास काढून ठेवावा.