जिभेखालचा पडदा : कापावा की थांबावं?



बाळ नीट दूध ओढत नाही, बाळंतिणीच्या स्तनाग्रांना चिरा पडल्यात, आणि कुणीतरी बाळाची जीभ उचलून म्हणतं, "अगं, जीभ खाली चिकटलेली आहे. कापून घ्या, नाहीतर बोबडं बोलेल." मग घरात दोन तट पडतात. हा वाद फार जुना आहे. आज आम्ही त्याचाच इतिहास सांगणार आहोत, कारण तो कळला की निर्णय घेणं थोडं सोपं होतं.

जिभेखाली पातळ पडदा आपल्या सगळ्यांनाच असतो. काही बाळांचा तो आखूड असतो किंवा जिभेच्या टोकापर्यंत आलेला असतो. मग जीभ पुढे येत नाही, रडताना तिच्या टोकाला बदामासारखी खाच दिसते. डॉक्टर याला 'टंग टाय' म्हणतात.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये सेल्सस नावाच्या लेखकाने आपल्या वैद्यकग्रंथात हा पडदा कापायची रीत लिहिली. जवळच्या रक्तवाहिन्या सांभाळा, असंही बजावलं. आणि एक प्रामाणिक नोंद केली. एका माणसाची जीभ कापल्यावर दातांबाहेर छान येऊ लागली, पण बोलणं काही आलं नाही. म्हणजे पडदा सुटला की वाचा सुटतेच असं नाही, हे तेव्हाच दिसलं होतं.

पुढे युरोपात सुइणी नवजात बाळाचा पडदा नखानेच तोडत. त्यासाठी एक नख वाढवून ठेवत, असं त्या काळच्या वैद्यांनी लिहून ठेवलं आहे. राजवाडाही याला अपवाद नव्हता. २७ सप्टेंबर १६०१ रोजी फ्रान्सचा राजपुत्र जन्मला, तोच पुढे तेरावा लुई झाला. त्याला दूध ओढता येईना. त्याचे वैद्य एरोआर यांच्या रोजनिशीत नोंद आहे की शस्त्रवैद्य गियमो यांनी तीन वेळा कात्री लावून त्याचा पडदा सोडवला. इथे कारण बोलण्याचं नव्हतं, दुधाचं होतं.

मग विसाव्या शतकात बाटली आली. बाटलीतून दूध यायला जिभेला तेवढे कष्ट पडत नाहीत. स्तनावर मात्र जीभ खालच्या हिरडीवरून पुढे यावी लागते, तेव्हाच दूध नीट ओढलं जातं. डबाबंद दुधाचा प्रसार झाला तसा आखूड पडद्याचा त्रास दिसेनासा झाला आणि कापण्याची रीतही मागे पडली. त्रास होणाऱ्या आईला सरळ सांगितलं जाई, "बाटली लावा."

नंतर वारं फिरलं. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने डबाबंद दुधाच्या जाहिरातबाजीला आळा घालणारी संहिता आणली. आपल्याकडे १९९२ साली तसा कायदा झाला. आईचं दूध पुन्हा महत्त्वाचं ठरलं, आणि त्याबरोबर जिभेचा प्रश्नही परत आला.

२००५ साली इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दूध ओढायला त्रास होणारी, आखूड पडद्याची ५७ बाळं होती. पडदा लगेच कापलेल्या २८ पैकी २७ जणांचं दूध पिणं सुधारलं. फक्त स्तनपानाचा सल्ला मिळालेल्या २९ पैकी एकाचंच सुधारलं. पण कोणाचा पडदा कापला हे आयांना माहीत होतं, हे ध्यानात ठेवायला हवं. २०१७ साली अशा पाच अभ्यासांतल्या ३०२ बाळांचा एकत्र विचार झाला. निष्कर्ष असा की कापल्यावर आईची वेदना काही काळ तरी कमी होते, पण बाळाचं पिणं हमखास सुधारतं असं म्हणता येत नाही.

दरम्यान अमेरिकेत लाटच आली. तिथल्या रुग्णालयांच्या नोंदींवरून अंदाज काढला, तर १९९७ साली सुमारे ३,९०० बाळांना टंग टाय असल्याचं सांगितलं गेलं होतं, २०१२ साली सुमारे ३२,८०० बाळांना. अखेर २०२४ साली तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलं की आखूड पडदा असलेल्या निम्म्याहून कमी बाळांनाच दूध पिताना अडचण येते.

मैत्रिणींनो, या इतिहासातून आम्ही एक गोष्ट घेतली. एकेका काळी सरसकट कापलं, नंतर सरसकट दुर्लक्ष केलं, आणि दोन्ही वेळा लोक पडद्याकडेच बघत राहिले. बघायचं ते बाळ आणि आई यांच्याकडे. बाळाचं वजन वाढतंय का? ते पुरेशी लघवी करतंय का? आईला पाजताना कळा येतात का? हे सगळं ठीक असेल, तर आखूड पडदा तसाच राहू द्या. पुढे बोलणं बिघडेल या भीतीने तान्ह्या बाळाचा पडदा कापू नका.

त्रास असेल, तर आधी जाणकार नर्सकडून बाळाला छातीशी धरण्याची पद्धत तपासून घ्या. चिरा आणि वेदना पुष्कळदा धरण्याच्या चुकीनेच होतात. तरीही सुधारलं नाही, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. कापायचं ठरलं, तर बाळाला जन्मल्यावर 'के' जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलंय का आणि घरात कुणाला रक्त न थांबण्याचा आजार आहे का, हे डॉक्टरांना सांगा. घरी नखाने किंवा पात्याने कुणालाही हात लावू देऊ नका.

आणि घरातल्या मोठ्यांना एक विनंती. पाजताना डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या बाळंतिणीला "होतं असं" म्हणून गप्प करू नका. निर्णय कोणताही होवो, तिचं ऐकल्याशिवाय होऊ नये.