मूल सांभाळणारी बाई

मूल सांभाळणारी बाई : दुसऱ्याच्या घरी पगारावर राहून किंवा ठरावीक तास जाऊन लहान मुलाचे न्हाणेधुणे, खाणे, झोप, खेळ आणि राखण पाहणारी स्त्री. पुण्यामुंबईच्या घरांत तिला मावशी, ताई किंवा नुसतेच बाई म्हणतात. घरकामाला माणसे पुरवणाऱ्या ब्यूरोच्या जाहिरातीत ती ‘केअरटेकर’ होते, उच्चभ्रू सोसायट्यांत ‘नॅनी’, शाळेत आणि इस्पितळात ‘आया’. कायद्याच्या दृष्टीने ती घरेलू कामगारच; मात्र धुणीभांडी करणाऱ्या बाईपेक्षा तिची परिस्थिती एका बाबतीत फार वेगळी असते. धुणीभांडीवाली दिवसाला चार-पाच घरे करते, त्यातले एक सुटले तरी बाकीच्यांवर महिना निघतो. मूल सांभाळणारीचे घर एकच. ते कुटुंब बंगळूरला बदलून गेले, मूल शाळेत जाऊ लागले किंवा आजी गावाहून राहायला आली, की तिची सगळी मिळकत त्याच दिवशी थांबते. हे काम चांगले केले तरी संपणारच असते, कारण मूल मोठे होते.

पुणे जिल्ह्यात या कामाची सर्वांत जुनी आणि मानाची आठवण कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांची आहे. संभाजीराजांचा जन्म १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर झाला. सईबाईंची प्रकृती बरी नसल्याने गडाच्या पायथ्याजवळच्या कापूरहोळहून धाराऊंना बाळाला पाजण्यासाठी बोलावले, असे परंपरा सांगते. सईबाई १६५९ मध्ये वारल्या. धाराऊंच्या मुलांना संभाजीराजांचे दूधभाऊ म्हणून ओळखले जाते. गावाकडच्या बाईने आपले मूल घरी किंवा बरोबर ठेवून मोठ्या घरचे मूल वाढवायचे, हा आजच्या व्यवहाराचा सांगाडा त्या कथेत पुरा दिसतो. फरक इतकाच की धाराऊंचे नाव राहिले. पेशवाईतल्या पुण्यात मोठ्या वाड्यांतली अशी कामे कुणबिणींकडे, म्हणजे विकत घेतलेल्या दासींकडे असत आणि त्यांची नावे हिशेबाच्या कागदांपलीकडे फारशी कुठे सापडत नाहीत.

इंग्रजी अमदानीत पुणे लष्कर, खडकी आणि मुंबईच्या गोऱ्या साहेबांच्या बंगल्यांतून आया हा पेशाच तयार झाला. मुंबईत गोव्याकडच्या ख्रिस्ती आयांना विशेष मागणी असे. बोटीने विलायतेला जाणाऱ्या कुटुंबाबरोबर मुले सांभाळायला आया नेत आणि तिकडे पोचल्यावर कित्येकींना परतीच्या तिकिटाविना तशाच सोडून देत. अशा आयांसाठी लंडनमध्ये ‘आयाज होम’ नावाचे वसतिगृह होते. लंडन सिटी मिशन ही संस्था ते चालवी. १९०० मध्ये ते हॅक्नी भागातील किंग एडवर्ड्स रोडवर गेले. त्या रस्त्यावरील इमारतीवर २०२२ मध्ये निळी स्मृतिपाटी लागली. इकडे मुंबई बंदरात, जिथून त्या बोटी सुटत, तिथे तशी पाटी लावावी असे अजून कोणी म्हटलेले ऐकिवात नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या पुण्यात घरकामाला येणाऱ्या बायकांची संख्या १९७२ च्या दुष्काळानंतर झपाट्याने वाढली. मराठवाडा, सोलापूर आणि नगरकडून आलेली कुटुंबे पर्वतीच्या आणि नदीकाठच्या वस्त्यांत स्थिरावली. पुरुष बिगारी कामावर आणि बायका घरकामाला जाऊ लागल्या. १९८० मध्ये पुण्यातील घरकामगार स्त्रियांनी संप केला. आजारपणातली खाडे-कपात आणि तुटपुंजा पगार यांविरुद्ध उभे राहिलेल्या या संपातून मोलकरणींच्या संघटना उभ्या राहिल्या. पगारी सुट्टी आणि दिवाळीला बोनस हे दोन शब्द पुण्याच्या मध्यमवर्गीय स्वयंपाकघरात शिरले ते तेव्हापासून. मराठी पडद्यावर हा विषय त्याआधीच आला होता : १९६३ च्या ‘मोलकरीण’ चित्रपटात सुलोचनाबाईंनी स्वतःच्या मुलाच्याच घरी कामाला राहणारी आई उभी केली. प्रेक्षक रडले. मोलकरणीच्या पगाराची चर्चा मात्र सतरा वर्षांनी, रस्त्यावर झाली.

मागणी : हिंजवडी, मगरपट्टा आणि खराडी इथल्या कंपन्यांमुळे दोघेही नोकरी करणारी, नातेवाइकांपासून लांब राहणारी जोडपी वाढली आणि पूर्वी श्रीमंतांपुरते असलेले हे काम साध्या दोन खोल्यांच्या फ्लॅटपर्यंत आले. २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, पन्नास किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. प्रत्यक्षात सहा महिन्यांच्या बाळाला घेऊन हिंजवडीच्या वाहतुकीतून कोण जाणार, हा प्रश्न कायद्याने सोडवलेला नाही. म्हणून बाळ पाचव्या महिन्यात आले की घरात बाईचा शोध सुरू होतो. तोवर माहेरची आई आणि मग सासूबाई, अशी पाळी लावलेली असते. परदेशातली मराठी कुटुंबेही हेच करतात, तिथे पाळी व्हिसाच्या मुदतीवर ठरते.

काम मिळते कसे : बहुतेक वेळा तोंडी. वॉचमन, वरच्या मजल्यावरची पोळीवाली, जुन्या घरच्या मॅडम, दवाखान्यातली सिस्टर यांच्या शब्दावर बाई येते. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर ‘आमच्या मावशी पुढच्या महिन्यापासून मोकळ्या आहेत, खूप प्रेमळ आहेत’ असा निरोप पडला, की तासाभरात पाच फोन येतात. हा निरोप हेच तिचे प्रमाणपत्र आणि ते मॅडमच्या फोनमध्ये असते, तिच्या हातात कधीच नसते. दुसरी वाट ब्यूरोची. ब्यूरो कुटुंबाकडून कमिशन घेतो आणि बाई टिकली नाही तर दुसरी देण्याचे कबूल करतो. काही ठिकाणी बाईच्या पहिल्या पगारातूनही कापून घेतात. चोवीस तासांच्या कामाला झारखंड, आसाम, बंगाल, नेपाळकडच्या मुली बहुधा याच वाटेने येतात. मराठी बाई शक्यतो राहून काम धरत नाही. तिला संध्याकाळी घरी जायचे असते, कारण तिथे तिची स्वतःची मुले असतात.

ठरवाठरवीत आधारकार्ड, पोलीस पडताळणी, आधीच्या घराचा फोन नंबर मागतात. पडताळणीने माणसाविरुद्ध गुन्हा नोंदला आहे का एवढेच कळते. रडणारे बाळ तिच्या खांद्यावर शांत होते का, हे कळत नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला आयाने मारल्याचे कॅमेऱ्याचे चित्रण बाहेर आले. त्यानंतर घराघरांत कॅमेरे लागले. पालकांची भीती समजण्यासारखी आहे. पण कॅमेरा आहे हे बाईला आधी सांगावे, हा साधा सभ्यपणा पुष्कळ ठिकाणी पाळला जात नाही, आणि नंतर कळले की चांगली बाईही काम सोडते. पगार तासांवर ठरतो. नवजात बाळाचा दर वरचा, शाळेतून आणायच्या मुलाचा खालचा. ठरलेले असते ‘फक्त बाळाचं’. महिन्याभरात त्यात बाळाचे कपडे, मग बाळाच्या दादाचा डबा, मग चार पाहुण्यांचा चहा येतो.

अंघोळीची बाई : या क्षेत्रातली खरी विशेषज्ञ हीच. बाळबाळंतिणीला न्हाऊ घालायला ती साधारण चाळीस दिवस किंवा तीन महिने रोज तासभर येते आणि सकाळभरात अनेक घरे उरकते. पाटावर पाय लांब सोडून, बाळाला नडग्यांवर पालथे घेऊन कोमट तेलाने चोळणे, डाळीच्या पिठाने तेल काढणे, टाळू भरणे, शेवटी ओवा-वेखंडाची धुरी. मग बाळंतिणीची कंबर, पोट आणि शेक. हातांचे हे ज्ञान आईकडून किंवा सासूकडून आलेले असते आणि बाळ त्यानंतर तीन तास झोपते, हा त्याचा पुरावा सगळे घर देते. मात्र याच परंपरेतल्या काही गोष्टी बालरोगतज्ज्ञ स्पष्ट नाकारतात : नाकाकानांत तेल घालणे, नवजात बाळाची छाती पिळणे, काजळ, कोंडलेल्या खोलीतला धूर आणि सहा महिन्यांच्या आत आईच्या दुधाखेरीज पाणी, मध किंवा गुटी. अनुभवी बाईला हे नीट सांगितले तर ती ऐकते. ‘डॉक्टर नाही म्हणतात’ एवढे तुटकपणे सांगितले, तर ‘आम्ही इतकी पोरं न्हाऊ घातली’ हे उत्तर ठरलेले आहे. तिला शिकवण्याची व्यवस्था कुणी उभारली नाही, हा दोष तिचा नव्हे.

गावाकडचे टोक : शहराबाहेर हेच काम कसे दिसते, हे पाहायला बारामती तालुक्यातील कन्हेरी हे गाव घेऊ. नीरा डाव्या कालव्याचा हा बागायती पट्टा आहे, जवळच काटेवाडी, पुढे भवानीनगरचा छत्रपती साखर कारखाना, अलीकडे बारामतीची एमआयडीसी. हाताला काम जवळ मिळत असल्याने इथली बाई पुण्यात मूल सांभाळायला जाण्याआधी दहादा विचार करील. बारामती-स्वारगेट एसटी असली तरी शंभरेक किलोमीटर रोज करता येत नाहीत. पण मूल कोणी सांभाळायचे हा प्रश्न गावात नाही असे नव्हे. बारामतीच्या टेक्स्टाइल पार्कमध्ये शिवणकामाला जाणाऱ्या बाईच्या मागे तिचे मूल सासू किंवा जाऊ बघते. खुरपायला जाणारी बांधावरच्या झाडाला झोळी बांधते. उसाच्या हंगामात बीडकडून येणाऱ्या टोळ्यांच्या कोप्यांवर तर सहा-सात वर्षांची पोरगी दीड वर्षाच्या भावाला कडेवर घेऊन दिवस काढते. शहरात या कामाला पगार आहे, ब्यूरो आहे, इंग्रजी नाव आहे. इथे ते आजीचे किंवा थोरल्या मुलीचे काम, म्हणजे हिशेबात नसलेले.

थोरल्या बहिणीचा हा प्रश्न ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डी-कोसबाडला फार पूर्वी ओळखला होता. मुलगी शाळेत येत नाही कारण तिच्या कडेवर मूल असते, हे पाहून त्यांनी कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र चालवल्या : कडेवरचे मूल पाळण्यात, मधले बालवाडीत आणि मुलगी वर्गात. महाराष्ट्रात या विषयावर सुचलेल्या कल्पनांत याहून शहाणी कल्पना सापडणे कठीण. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने अंगणवाडी गावोगाव नेली, पण ती तीन ते सहा वर्षांच्या मुलांना दिवसातले थोडे तास बसवते. तीन वर्षांखालच्यांना आहार मिळतो, दिवसभराची सोय मिळत नाही. बांधकामावरील मजुरांच्या मुलांसाठी मुंबईत आणि पुण्यात मोबाइल क्रेचेसचे काम अनेक वर्षे चालू आहे. मूल सांभाळायला जाणाऱ्या बाईचे मूल मात्र या कुठल्याच सोयीत नीट बसत नाही. ते वस्तीतल्या शेजारणीकडे असते, आणि त्या शेजारणीला ही बाई आपल्या पगारातून काहीतरी देते.

कायदा : चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. तरीही ‘बाळाशी खेळायला’ म्हणून गावाकडून आणलेली दहा-बारा वर्षांची मुलगी अधूनमधून पोलिसांच्या कारवाईत सापडते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घरकामगार स्त्रीलाही लागू आहे. तिने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करायची असते, पण अशी समिती असते हेच अनेकींना माहीत नसते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा घरकामगारांविषयीचा १८९ क्रमांकाचा करार २०११ चा. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. परदेशात मात्र या कामाचे मोल कायद्याने कसे ठरते याचा झटका देशाला बसला आहे : न्यूयॉर्कमधील भारतीय राजनैतिक अधिकाऱ्याला घरी ठेवलेल्या बाईच्या पगारावरून आणि व्हिसा अर्जावरून डिसेंबर २०१३ मध्ये अटक झाली, आणि दोन देशांचे संबंध काही आठवडे ताणले गेले. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी स्वतंत्र कायदा करण्याचा विचार व्हावा म्हणून समिती नेमण्यास केंद्राला सांगितले.

महाराष्ट्राने या बाबतीत पाऊल आधी टाकले. राज्याचा घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम २००८ चा असून त्याखालचे मंडळ २०११ मध्ये आले. अठरा ते साठ वर्षांच्या घरकामगारांना नोंदणी करता येते. बाळंतपणाची मदत, अंत्यविधीची मदत आणि पंचावन्न वर्षे पुरी झालेल्यांना १०,००० रुपयांचे सन्मानधन अशा योजना मंडळाने राबवल्या. रकमा लहान आहेत, नूतनीकरणाच्या फेऱ्या मोठ्या, आणि कामाचे तास किंवा आठवड्याची सुट्टी यांबद्दल मंडळ काही ठरवू शकत नाही. तरी नोंदणीचा उपयोग होतो. २०२० च्या टाळेबंदीत सोसायट्यांनी फाटके बंद केली तेव्हा कित्येक बायकांचा पगार बंद झाला. पुढच्या वर्षीच्या निर्बंधांत राज्य सरकारने घरेलू कामगारांना १,५०० रुपये जाहीर केले, तेही नोंदणी असलेल्यांनाच. नोंदणीच्या अर्जाला वयाचा आणि राहण्याचा पुरावा, फोटो आणि ‘ही बाई आमच्याकडे काम करते’ असे मालकाच्या सहीचे पत्र लागते. अर्ज बहुतेक वेळा या शेवटच्या कागदावर अडतो. ज्यांच्या घरी अशी बाई आहे त्यांनी ते पत्र आजच लिहून द्यावे आणि त्यातच कामाचे तास, आठवड्याची सुट्टी व पगाराची तारीखही लिहावी.