इलियाच्या दोन वह्या

लंडन शहरांत लेडनहॉल स्ट्रीट या रस्त्यावर ज्या जागीं आज लॉइड्सची पोलादी इमारत उभी आहे, तेथें पूर्वीं ईस्ट इंडिया कंपनीची कचेरी होती. १८६१ च्या सुमारास ती पाडण्यांत आली. आपल्या इतिहासग्रंथांत ही कचेरी येते ती तह, सनदा आणि लढाया यांच्या संगतीनें. परंतु ज्या मराठी मध्यमवर्गाच्या दोन-तीन पिढ्या कारकुनी, मास्तरकी आणि पेन्शन यांवर पोसल्या, त्यानें या कचेरींत एकदां हिशेबखात्याच्या दारानेंही शिरून पाहावें. तेथें एका उंच मेजाशीं चार्ल्स लॅम नांवाचा कारकून तेहेतीस वर्षें आंकडे मांडीत बसला होता.

लॅमचा जन्म १७७५ चा. कवि कोलरिज हा त्याचा शाळासोबती. पण लॅमची जीभ अडखळत असे, घरची स्थितिही बेताची. त्यामुळें विद्यापीठाची वाट त्याला बंद झाली, आणि एप्रिल १७९२ मध्यें, सतराव्या वर्षीं, तो कंपनीच्या चाकरींत शिरला. पहिलीं तीन वर्षें नवशिक्यास नियमित पगार नसे. ‘उमेदवारी’ हा शब्द आपल्याकडे ज्यांनीं सोसला आहे, त्यांस याचा अर्थ फोड करून सांगावयास नको. पुढें १७९६ च्या सप्टेंबरांत त्याची थोरली बहीण मेरी हिनें वेडाच्या भरांत आपल्या आईचा प्राण घेतला. एकवीस वर्षांच्या चार्ल्सनें तिचा भार स्वतःकडे घेतला आणि तो जन्मभर वाहिला. लग्न केलें नाहीं. वेडाची लहर येण्याची चाहूल लागली कीं भाऊ-बहीण हातांत हात घालून, डोळे पुसत, वेड्यांच्या इस्पितळाकडे चालत जात. लॅमच्या नोकरीचा विचार करतांना हा हिशेब विसरून चालणार नाहीं. कंपनीचा पगार हा त्याच्या घराचा टेकू होता.

या कचेरींत तो चहा, नीळ आणि कापड यांच्या विक्रीचे आंकडे मोठाल्या वह्यांत भरीत असे. रात्रीं घरीं तो दुसऱ्या वहींत लिही. बहिणीच्या जोडीनें रचलेल्या शेक्सपिअरच्या नाट्यकथा १८०७ मध्यें निघाल्या. त्यांतील बहुतेक कथा मेरीच्या असूनही मुखपृष्ठावर नांव तेवढें भावाचें छापलें गेलें. १८२० पासून तो ‘लंडन मॅगेझिन’ या मासिकांत ‘इलिया’ या टोपण नांवानें निबंध लिहूं लागला, आणि १८२३ मध्यें त्यांचें पुस्तक झालें. त्याचे सर्वांत गाजलेले निबंध पाहिले, तर त्यांतील बहुतेक त्याच पांच-सहा वर्षांतले, म्हणजे नोकरीच्या अखेरच्या काळांतले आहेत. सेवानिवृत्तीनंतर लिहिलेल्या एका निबंधांत तो थट्टेनें सुचवितो कीं, आपलें भरघोस लेखन कचेरीच्या फडताळांतच राहून गेलें!

थट्टा खरी, पण तिच्या पोटांत आधुनिक कामाची एक मोठी विसंगति दडलेली आहे. नोव्हेंबर १८१७ मध्यें शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण चढलें. पुढच्या वर्षीं पेशवाई बुडाली. त्या काळांत हा जगांतला अत्यंत सहृदय माणूस त्याच कंपनीच्या वह्यांत बेरजा करीत होता. निळीचा भाव त्याच्या लेखणीखालून जाई. नीळ पिकविणाऱ्या रयतेचा चेहरा कांहीं त्या रकान्यांत येत नसे. लॅमला मी दोषी ठरवीत नाहीं. परंतु काम इतकें बारीक तुकड्यांत वांटलें गेलें कीं, प्रत्येकाच्या वांट्यास एक रकाना यावा आणि संपूर्ण ताळेबंद कोणाच्याच विवेकासमोर येऊं नये, ही योजना आधुनिक समाजाची आहे. तिच्यांत सज्जन माणूस सज्जनच राहतो. फक्त आपल्या हातून काय घडत आहे हें त्यास कळेनासें होतें.

लॅम या नोकरीवर मनापासून चिडे. जुन्या संत-दिवसांच्या सुट्ट्या एकेक करून काढून घेतल्या गेल्या, याचें दुःख त्यानें निबंधांतही मांडलें आहे. कचेरींत उशिरां येतां, असें वरिष्ठ म्हणाला तेव्हां, “पण मी जातों किती लौकर!” असें उत्तर त्यानें दिल्याची आख्यायिका आहे. परंतु १८२३ मध्यें बर्नार्ड बार्टन हा बँकेंतला कवि नोकरी सोडून केवळ लेखणीवर जगण्याचा बेत करूं लागला, तेव्हां याच लॅमनें त्याला कळवळून परावृत्त केलें. पुस्तक-विक्रेत्यांच्या दाराशीं ताटकळण्यापेक्षां बँकेचें मेज बरें, असा त्याचा सल्ला होता.

याच्या अगदीं उलट प्रकृतीचा लेखक अँथनी ट्रॉलोप. १८३४ ते १८६७ तो टपालखात्यांत होता. १८५२ मध्यें जर्सी बेटावर रस्त्यांतल्या पत्रपेट्या सुरू झाल्या त्या त्याच्याच सूचनेवरून. पहाटे साडेपांचला मेजाशीं बसून, समोर घड्याळ ठेवून, दर पाव तासास अडीचशें शब्द, अशी त्याची शिस्त. त्याच्या मृत्यूनंतर १८८३ मध्यें आत्मचरित्र प्रसिद्ध झालें आणि त्यांत हा हिशेब उघडकीस आल्यावर अनेक रसिकांनीं नाकें मुरडलीं. प्रतिभेनें घड्याळ पाहावें, हें त्यांना रुचलें नाहीं. गंमत अशी कीं, कादंबऱ्या त्याच होत्या. बदललें होतें तें वाचकांचें कामाविषयींचें मत.

आपल्याकडे विष्णुशास्त्री चिपळूणकरांचें उदाहरण आहे. ‘निबंधमाला’ १८७४ मध्यें सुरू झाली तेव्हां शास्त्रीबुवा सरकारी शिक्षक होते. सरकारचा पगार घेऊन ते सरकारी विद्येचीं वर्मेंही काढीत होते. १८७९ मध्यें त्यांनीं राजीनामा दिला. मग त्यांस फुरसत मिळाली काय? १८८० मध्यें शाळा, १८८१ मध्यें ‘केसरी’ व ‘मराठा’, शिवाय छापखाना! आणि १८८२ च्या मार्चांत, वयाची बत्तिशी पुरी होण्यापूर्वींच, मृत्यु. बेडी तोडणाऱ्यानें तिच्याहून जड ओझें आपण होऊन उचललें. मात्र तें त्यानें स्वतः निवडलेलें होतें, आणि सारा फरक त्या निवडींत आहे.

आमच्या अध्यापकी धंद्यांत आतां या गोष्टीस नवें वळण लागलें आहे. पूर्वीं कचेरी लेखकाचा दिवस घेई, पण त्याच्या रात्रीच्या वहीकडे पाहत नसे. आज ती वहीही मोजली जाते. वर्षाकांठीं मी एक तक्ता भरतों. त्यांत कोणत्या लेखास किती गुण, हें ठरलेलें असतें. एकदां सहज इलियाचा निबंध त्या तक्त्यांत बसवून पाहिला. संदर्भसूचि नाहीं, निष्कर्ष नाहीं, वर टोपण नांव, बिचाऱ्यास शून्य! मला यांत हंसूं येतें तितकीच भीतिही वाटते. तरुण सहकारी गुणांसाठीं लिहितात, आणि कोणीं वाचावें अशी अपेक्षाही ठेवीत नाहींत. लॅमच्या दोन वह्यांतली जी दुसरी, तीच पहिलीसारखी होऊं लागली आहे.

२९ मार्च १८२५ रोजीं लॅम सुटला. वर्षास सुमारें साडेचारशें पौंडांचें पेन्शन मिळालें. आरंभीं तो हर्षानें गांगरला. मग जुन्या सोबत्यांना भेटण्यासाठीं कचेरींत जाऊन आला, पण आपल्या खुंटीवर दुसऱ्याची टोपी पाहून ओशाळला. पुढें १८२६ मध्यें तो ब्रिटिश म्युझियममध्यें जुनीं नाटकें वाचावयास जाऊं लागला. वेळ सकाळीं दहा ते दुपारीं चार! ही आपली नवी कचेरीच आहे, असें त्यानें बार्टनला कळविलें.

या गोष्टींत मला पराभव दिसत नाहीं. काम ही माणसाची गरजच आहे. तेहेतीस वर्षें ज्या तासांना त्यानें शिव्या दिल्या, तेच तास त्यानें आपल्या आवडीच्या पुस्तकांस दिले. आपल्यापैकीं बहुतेकांस पहिली वही टाळतां येणार नाहीं. घरीं कोणी ना कोणी मेरी असतेच. पण दुसरी वही कोणाच्याही तक्त्यासाठीं लिहूं नये, एवढें तरी आपल्या हातीं आहे. कंपनीच्या वह्या उघडण्याचें कारण आज कोणास पडत नाहीं; इलियाचें पुस्तक मात्र अजून उघडलें जातें.